शिकागोहून नानांना पत्र : १२१ सामने हरलेल्या संघाचं पुढचं साल

शिकागो
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ती. नाना आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

डोळ्याची पट्टी निघाली, थेंब वेळेवर चालू आहेत, हे दादाकडून कळलं. टीव्ही बंद ठेवल्यामुळे नाना दिवसभर येरझाऱ्या घालताहेत हेही कळलं. म्हणून या वेळी मोबाइलवर चार ओळी न लिहिता सरळ कागद घेतला. आई, दुपारचा चहा झाला की हे तू नानांना वाचून दाखव. मोठं पत्र आहे, दोन दुपारी पुरेल.

आधी तुझे प्रश्न. थंडी कडाक्याची आहे, पण ती बाहेर. घरात हीटर चालू असतो आणि लॅबमध्येही उबदार असतं. जेवण मी रोज करते. आत्याला जे वाटतं की मी ब्रेडवर जगते, ते खरं नाही. मेतकूट अजून शिल्लक आहे. आणि त्या गोळीबाराच्या बातम्या: शहराचा दक्षिण भाग म्हटलं की तुम्हाला तेवढंच दिसतं, पण हे शहर फार मोठं आहे. मी राहते तो ब्रिजपोर्ट भाग साध्या, कष्टकरी लोकांचा आहे. शेजारी नावानिशी ओळखतात, बर्फ पडला की एकमेकांच्या दारापुढचा रस्ता मोकळा करतात. रात्रपाळी असली की लॅबमधली मैत्रीण तिच्या गाडीतून दारात सोडते. तेव्हा कृपा करून तसले व्हिडिओ पाठवू नका, मला कामावर ते बघून उगाच धडधड होते.

आता नाना, तुमचा प्रश्न. तुम्ही फोनवर विचारलं होतंत, की तिथे आत्ता एकही सामना नाही, मैदानावर बर्फ आहे, मग तुझे घरमालक आणि लॅबमधले लोक रोज बेसबॉलवर भांडतात तरी कशासाठी? आणि तेही एवढ्या हरणाऱ्या संघासाठी? फोनवर मला नीट सांगता आलं नाही. आता सांगते.

इथे शहरात दोन संघ आहेत. उत्तरेकडचे कब्ज आणि आमच्या दक्षिणेकडचे व्हाइट सॉक्स. घर कुठल्या बाजूला आहे त्यावर माणूस कुणाचा ते ठरतं, आणि ते सहसा बदलत नाही. सॉक्सचं मैदान ३५व्या रस्त्यावर आहे, माझ्या घरापासून चालत जाण्याएवढं. त्यांनी २००५ साली विश्वमालिका, म्हणजे इथलं अजिंक्यपद, जिंकली, ह्यूस्टनला सलग चार सामन्यांत हरवून, आणि तीही १९१७ नंतर पहिल्यांदा. २०२१ मध्ये ते ९३ सामने जिंकून आपल्या गटात पहिले आले होते. आणि गेल्या वर्षी? ४१ जिंकले, १२१ हरले.

हा आकडा किती भयंकर आहे ते कळायला एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बेसबॉलचा एक मोसम म्हणजे १६२ सामने. मार्चअखेर ते सप्टेंबर, जवळजवळ रोज एक. एवढे सामने असले की चांगला संघही ६० हरतो आणि वाईट संघही ६० जिंकतो. म्हणून ४१ हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. १९०० नंतर एवढे सामने कुणीच हरलं नव्हतं. आधीचा नकोसा विक्रम न्यूयॉर्क मेट्सचा होता, १९६२ मधला, १२० पराभवांचा; पण तो त्यांचा पहिलाच मोसम होता, संघ नुकताच उभा राहिला होता. सॉक्स तर १९०१ पासून खेळताहेत. पहिल्या २५ सामन्यांत ३ विजय, मग जुलै-ऑगस्टमध्ये सलग २१ पराभव. व्यवस्थापकाला, म्हणजे आपल्याकडच्या मुख्य प्रशिक्षकासारख्या माणसाला, अर्ध्यातच काढलं. शेवटी घरच्या मैदानावर एंजल्स नावाच्या संघाला ओळीने तीनदा हरवून त्यांनी १२१वा पराभव तीन दिवस पुढे ढकलला, पण २७ सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये तो झालाच. त्याच सामन्याने डेट्रॉइटवाले दहा वर्षांनी बाद फेरीत गेले. एका बाजूला उड्या मारणारं मैदान, दुसऱ्या बाजूला आमची पोरं बॅगा भरताहेत. ते बघवत नव्हतं.

माझे घरमालक सत्तरी ओलांडलेले, निवृत्त इलेक्ट्रिशियन आहेत. प्रत्येक सामना रेडिओवर ऐकतात आणि वहीत पेन्सिलीने टिपून ठेवतात. चौकटी आखलेली वही, प्रत्येक बॅटरसाठी एक ओळ, प्रत्येक चौकटीत छोटा चौकोन, धाव झाली की तो भरायचा. स्ट्राइकआउट झाला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने बॅटरला चेंडू मारू न देताच बाद केलं, की इंग्रजी 'के', आणि बॅटर नुसता बघत उभा राहून बाद झाला तर उलटा 'के'. त्यांनी मला २७ सप्टेंबरचं पान दाखवलं. एकही चौकट रिकामी नाही, अक्षर कुठे घाईचं नाही. नाना, तुम्ही रणजीचे धावफलक जुन्या डायऱ्यांमध्ये उतरवायचात ना, अगदी तशीच वही. मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. तेव्हापासून ते तुमच्या डोळ्याची चौकशी करतात.

तर आता वाद कशावरून. पहिला वाद गॅरेट क्रोशेचा. गेल्या वर्षी या संघात बघावा असा एकच माणूस होता, हा डावखुरा पिचर, म्हणजे आपला गोलंदाज. २०९ स्ट्राइकआउट एकट्याचे. डिसेंबरमध्ये त्याला बॉस्टनला देऊन टाकलं आणि बदल्यात चार तरुण पोरं घेतली. त्यातला काइल टील नावाचा कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा, चांगला आहे म्हणतात. घरमालक म्हणतात, योग्य केलं, बुडत्या जहाजावर एकच चांगला खलाशी ठेवून उपयोग काय. लॅबमधली माझी मैत्रीण, जी मला घरी सोडते, ती म्हणते की दरवेळी बी पेरायचं आणि कापणी दुसऱ्याने करायची, असं किती वर्षं चालणार?

दुसरा वाद नव्या पोरांच्या निवडीचा, आणि तो तुम्हाला विचित्र वाटेल. आयपीएलमध्ये लिलाव असतो, ज्याच्याकडे पैसा तो बोली लावतो. इथे कॉलेज-शाळेतली पोरं पाळीने निवडतात आणि जो जास्त हरला त्याला साधारण आधीची पाळी मिळते. शिवाय इथे कितीही हरलं तरी खालच्या गटात ढकलत नाहीत. त्यामुळे काही चाहते सरळ म्हणतात, हरायचंच तर भरपूर हरा, निदान चांगला पोरगा तरी मिळेल. पण आता पहिल्या काही पाळ्या सोडतीने ठरतात, आणि मोठ्या शहरांतल्या श्रीमंत संघांना सोडतीतली पाळी लागोपाठ दुसऱ्या वर्षी मिळू शकत नाही. सॉक्सना गेल्या वर्षी पाचवी पाळी मिळाली होती. म्हणून १२१ हरूनसुद्धा यंदा यांची पाळी दहावी! लोकांचा संताप मला पूर्ण पटतो. नियम वाईट हेतूने केलेला नाही, मुद्दाम हरणाऱ्यांना आळा बसावा म्हणून आहे, पण ज्यांनी ते सहा महिने डोळ्यांनी बघितले त्यांना हे कसं पटावं?

तिसरा वाद सर्वांत कडू आहे. संघाचे मालक जेरी राइन्सडॉर्फ, १९८१ पासून. गेल्या मोसमात प्रेक्षक मैदानात 'संघ विका' म्हणून ओरडत होते. माझ्या मैत्रिणीने ठरवलंय, मालक बदलेपर्यंत तिकिटाला एक डॉलर द्यायचा नाही. तिचे वडील तिला लहानपणी जुन्या मैदानावर न्यायचे, आणि २००५ च्या जिंकण्याच्या रात्री ते रडले होते. ती म्हणते, माझं प्रेम आहे म्हणूनच मी जाणार नाही, रिकाम्या खुर्च्याच मालकाला कळतात. घरमालक म्हणतात, खुर्च्या रिकाम्या राहिल्या की त्या पोरांना काय वाटेल? ती काय मालक आहेत? दोघं माझ्या स्वयंपाकघरात समोरासमोर आली तेव्हा मला भीती वाटली की आता संबंध तुटतात. तुटले नाहीत. दोघांनी पोहे खाल्ले आणि पुढचा तासभर संघातल्या लुईस रॉबर्ट या खेळाडूला आत्ता विकावं की जुलैपर्यंत थांबावं यावर बोलत बसले.

मला विचाराल तर मी घरमालकांच्या बाजूने आहे. मैदानावर उतरणारी बावीस-तेवीस वर्षांची पोरं घरापासून लांब आलेली असतात. १२१ वेळा हरूनही दुसऱ्या दिवशी त्यांना उतरावं लागलं. त्यांना निदान कुणीतरी बघायला आलेलं दिसायला हवं. २७ मार्चला इथेच एंजल्सशी पहिला सामना आहे, आणि मी घरमालकांबरोबर जाणार आहे. काळजी करू नका, टोपी, हातमोजे, सगळं घालून जाईन.

आशा अगदीच नाही असं नाही. व्यवस्थापक नवे आहेत, विल व्हेनेबल. ते टेक्सासच्या संघाबरोबर होते, आणि तो संघ २०२३ मध्ये विजेता झाला. सॉक्सचाच खालच्या पातळीवरचा बर्मिंगहॅमचा संघ गेल्या वर्षी आपली लीग जिंकला. नोआ शुल्ट्झ आणि हेगन स्मिथ असे दोन डावखुरे पिचर तयार होताहेत. शुल्ट्झ तर साडेसहा फुटांच्या वर उंच आणि याच राज्यातला. पाच वर्षांनी चाहत्यांचा मेळावाही परत सुरू झाला, जानेवारीत, इथल्याच जुन्या रामोवा थिएटरात. आता आठवडाभरात पिचर आणि कॅचर ॲरिझोनाला सरावासाठी जमतील. आज इथे अमेरिकन फुटबॉलचा सर्वांत मोठा सामना आहे, सगळा देश टीव्हीपुढे बसेल, पण घरमालकांना त्याचं एवढंच अप्रूप की तो संपला की बेसबॉलला वाट मोकळी.

आमच्या लॅबच्या जेवणाच्या खोलीत पांढरा फळा आहे. त्यावर प्रत्येकाने यंदा किती सामने जिंकतील तो आकडा लिहिलाय. हिरव्या मार्करने ४५, ४८, ५२, ५८. एकाने ७० लिहिलं, ते बाकीच्यांनी पुसू दिलं नाही. मैत्रिणीने एवढं भांडूनही ५८ लिहिलंय. मी ५५ लिहिलं. आई, यात पैसे नाहीत. ज्याचा आकडा सर्वांत जवळ जाईल त्याला बाकीच्यांनी एक दिवस जेवू घालायचं, एवढंच.

नाना, गेल्या वर्षी मुंबई १४ पैकी ४ जिंकून तळाला गेली तेव्हा तुम्ही शेवटचा सामनाही बघितलात. म्हणून मला वाटतं तुम्हाला हे सगळं कळेल. घरमालकांचा मुलगा ॲरिझोनात राहतो, कितीतरी वर्षांपूर्वी गेला. तरी रोज संध्याकाळी त्याचा फोन येतो आणि दोघं याच संघावरून वाद घालतात. भिंतीपलीकडून मला ऐकू येतं. तब्येतीची चौकशी शेवटच्या मिनिटात, बाकी सगळा वेळ सॉक्स. मी पण आता फक्त रविवारी नाही, मधल्या वारीही फोन करत जाईन. तुमची दुपार असते तेव्हा माझी रात्रपाळी चालू असते, पण मधली सुट्टी मिळते. आयपीएल सुरू झालं की मुंबईवर बोलू.

ऑपरेशनच्या वेळी मी तिथे नव्हते. दादाने सगळं केलं, वहिनीने रजा घेतली. दादा त्या दिवशी फोनवर जरा लागेल असं बोलला, पण मला त्याचा राग आलेला नाही. त्याला तसं सांग.

पैशांचं: काल ६० हजार पाठवलेत, आईच्या खात्यात येतील. ऑपरेशनचा खर्च त्यातून दादाला आधी द्यायचा. तो नको म्हणेल, तरी द्यायचा. उरलेल्यातून स्वयंपाकघरावरचे पत्रे पावसाळ्याआधी बदलून घ्या. पतसंस्थेचा हप्ता मी वेगळा पाठवते, त्यात हे धरू नका.

मे महिन्यात छकुलीच्या लग्नाला यायचं मी कबूल केलं होतं, पण जमेल असं दिसत नाही. बाहेर पडले तर परत येताना मुंबईत व्हिसाचा शिक्का घ्यावा लागतो आणि तारीख कधी मिळेल याचा भरवसा नाही. अडकले तर नोकरीचा प्रश्न येईल. मावशीला मी स्वतः फोन करते, तुम्ही आधी काही बोलू नका. दिवाळीला नक्की यायचा प्रयत्न आहे. छकुलीला आहेर म्हणून जोडवी आणि पैठणी तूच घे आई, रंग तिला विचारून. पैसे सांग.

आणि डलासच्या स्थळाचं. मुलाशी बोलले. मुलगा चांगला आहे, मोकळा बोलतो, घरच्यांबद्दल आपुलकी आहे. पण त्याला मी नोकरी सोडून तिकडे यावं असं वाटतं, आणि मला इथली नोकरी आत्ता सोडायची नाही. हप्ते फिटेपर्यंत तर नाहीच. हे मी त्याला स्पष्ट सांगितलंय. तो विचार करून सांगतो म्हणाला. तेव्हा आत्याला एवढंच सांगा की अजून होकारही नाही आणि नकारही नाही, आणि तिने त्याच्या आईला परस्पर काही कळवू नये. माझं वय होत चाललंय हे मला माहीत आहे आई, ते दर फोनला नको.

थेंब दिवसातून चार वेळा, झोपताना डोळ्यावर झाकण, आणि डोक्यावरून अंघोळ डॉक्टरांनी सांगेपर्यंत नाही. नाना, संगमावर फिरायला जाताना काळा चष्मा लावा आणि दादाला किंवा शेजारच्या काकांना बरोबर घ्या.

दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुमची,
ताई

ता. क. मेतकूट संपत आलं की कळवते. कुणी येणार असेल तर अर्धा किलो पुरे, मागच्या वेळेसारखं दोन किलो नको.