कुंडीतल्या मातीले वापसा आला पाह्यजे

बेटा,

तू पाठवलेला मनी प्लांटचा फोटो काल रात्री दोनदा मोठा करून पाह्यला. खालची पानं पिवळी, देठ मऊ पडलेले, अन् तू लिहिते रोज पाणी टाकते तरी असं काऊन होते. पाण्याची कमी नाही बेटा, माती चुकली, अन् ती माती दिवाळीत मीच कट्टा भरून दिली, घरच्या वावरातली आहे, पुण्यात पोरीजवळ असू दे म्हणून. तेव्हाच सांगायले पाह्यजे होतं.

आपली काळी माती कापसाले सोनं आहे पण कुंडीत ती एकटी चालत नाही. तिचा कण लयच बारीक, भिजली की फुगते अन् वाळली की भेगाळते, मे महिन्यात धुऱ्यापाशी तू भेगेत कोपरापर्यंत हात घालायची, आठवते ना. वावरात ते निभून जाते, खाली 3-4 फूट माती आहे, वरून ऊन-वारा आहे, पऱ्हाटी पाणी ओढते. अन् तरीबी पाऊस झाल्याबरोबर आपण तण काढायले डवरा धरत नाही, वापसा यायची वाट पाहतो, म्हणजे जास्तीचं पाणी उतरून माती नुसती ओलसर राह्यली पाह्यजे. तुह्या कुंडीत माती 8 इंच, तीबी हॉलच्या कोपऱ्यात सावलीत, तिथं वापसा येतच नाही. वरून कोरडी दिसते, बोट घातलं की आत चिखल. मुळाले हवा भेटत नाही, ते सडते, सडलेलं मूळ पाणी ओढत नाही म्हणून पान मलूल होते अन् तुले वाटते तहान लागली, मग तू अजून मगभर पाणी टाकते.

तुह्या आईची तुळस याच मातीत बहरते, पण त्या वृंदावनाले खाली बूड नाही, पाणी सरळ जमिनीत जाते.

कुंडीच्या बुडाशी गोटे टाकले असं तू म्हणाली, सगळे टाकतात, पण त्यानं पाणी निघत नाही. बारीक मातीतून पाणी गोट्यात लवकर उतरत नाही, माती पूर्ण तुंबल्यावरच उतरते, म्हणजे चिखल उलटा मुळाच्या जवळ येते. गोटे काढून टाकजो, भोकावर फक्त खापराचा एक तुकडा ठेवजो.

आता माती अशी कर. नर्सरीतली लाल माती एक भाग, धुतलेली जाड रेती एक भाग, अन् कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, नाहीतर गांडूळखत एक भाग. कोकोपीटची वीट पाण्यात फुगवून एकदा-दोनदा पिळून घेजो, त्यात मीठ राहते. रेती बांधकामावरची बारीक भुकटी नको, ती मातीत बसून सिमेंटासारखी होते. कोरफड किंवा स्नेक प्लांट लावशील तर सगळ्या मिश्रणात निम्मी रेती ठेवजो. काळी माती टाकायचीच असन मन लागत नाही म्हणून, तर एक मूठ टाक, जास्त नाही, तिच्यात चुना असते, पीएच, म्हणजे मातीच्या आम्ल-अल्कपणाचं माप, 8 च्या आसपास जाते अन् घरातल्या झाडाइले 6 ते साडेसहा मानवते, नाहीतर नवीन पानं पिवळी अन् शिरा हिरव्या राहतात.

शेणखत कोणी दिलं तर वास घेऊन पाह्यजो. शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे, कुंडीत तापते अन् त्यात हुमणी असू शकते, पांढरी, अर्ध्या चंद्रासारखी वळलेली अळी, मुळं कुरतडते. पुरतं कुजलेलं खत काळं, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीसारखा वास.

मिसळल्यावर थोडं ओलं करून मुठीत दाब. लाडू झाला पाह्यजे अन् अंगठ्यानं टोचला की फुटला पाह्यजे. फुटला नाही तर अजून रेती टाक. हेच आपण वावरात पेरणीआधी करतो, तू पाह्यलं आहे.

पण आधी आजच ते झाड कुंडीतून उपस. काळी, लिबलिबीत मुळं कातरीनं काप, पांढरी राहू दे. मुळं राह्यलीच नसन तर दोन गाठीची हिरवी कांडी पाण्यात ठेव, दोन-तीन आठवड्यात फुटते. अन् फोटो पानाचा नको, मुळांचा पाठवजो, सायंकाळी वावरातून आल्यावर मी पाह्यतो.

तुहे बाबा