ड्रॉइंगवर माप असतं, कारण नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१५ सप्टेंबरच्या अभियंता दिनाच्या बातम्या वाचल्या. विश्वेश्वरय्यांची आपोआप उघडणारी दारं १९०३ साली खडकवासल्याला बसली, हे दर वर्षी भाषणात येतं. ती दारं घडवली कुणी, हे कुणी विचारत नाही. आपल्या बेळगावकडे तर त्यांच्या नावाचं विद्यापीठ मच्छेत आहे, गोगटे इन्स्टिट्यूट उद्यमबागेत आहे आणि आजूबाजूला फाउंड्र्या नि मशिन शॉप. मी त्याच उद्यमबागेत पॅटर्न करतो, म्हणजे ज्याच्यावरून वाळूत साचा पाडून धातू ओततात तो लाकडी नमुना. म्हणून हे पत्र.

बीड, म्हणजे ओतायचं लोखंड, थंड होताना शेकडा एक आटतं. त्यामुळे ३०० मिमीचा भाग हवा असेल तर पॅटर्न ३०३चा करावा लागतो. तो वाळूतून उचलताना कड ढासळू नये म्हणून उभ्या भिंतीला अंशभर तरी उतार लागतो. हे ड्रॉइंगवर नसलं तरी आम्ही धरून चालतो, त्याबद्दल तक्रार नाही.

मागे पुण्याहून एका हायड्रॉलिक पंपाच्या बॉडीचं ड्रॉइंग आलं. ४० मिमीचा भरीव बॉस (जाड गोल उंचवटा), त्याला चिकटून ६ मिमीची रिब (आधाराची पातळ पट्टी), कोपरा टोकदार. स्क्रीनवर देखणं दिसत असणार. पण ओतल्यावर रिब आधी गोठते, बॉसच्या पोटातलं मेटल मात्र पातळच असतं. ते आटू लागतं तेव्हा वरून मेटल यायची वाट बंद झालेली असते, आणि आत स्पंजासारखी पोकळी पडते. बाहेरून कास्टिंग चकाचक. भोकं उघडी पडतात ती बोअर मारल्यावर, म्हणजे मशिनिंगचा खर्च होऊन गेल्यावर. नुकसानीची डेबिट नोट फाउंड्रीला, आणि फाउंड्रीवाल्याचा फोन मला.

मोल्डरने, म्हणजे वाळूचा साचा करणाऱ्याने, चिल (ती जागा लवकर थंड करणारा धातूचा तुकडा) लावून पाहिलं, थोडा फरक पडला. शेवटी ड्रॉइंगवरच लाल पेन्सिलीने लिहून पाठवलं: बॉस मधून पोकळ करा, कोअर बॉक्स (पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या गाभ्याचा साचा) आम्ही देतो, कोपऱ्याला ६ची त्रिज्या द्या. काही महिन्यांनी नवीन रिव्हिजन आली. कंपनीचा लोगो बदलला होता, कोपरा तसाच.

फोन करावा तर परचेसवाला उचलतो आणि म्हणतो, डिझाइनला मेल टाका. ड्रॉइंगच्या खालच्या चौकटीत आखणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा अशा तिघांची आद्याक्षरं असतात. नंबर एकाचाही नसतो. आमच्यात मोल्डर कानडी बोलतो, कोअरवाला हिंदी, मी मराठी, पण कामात कधी अडलेलं नाही. अडतं ते या तीन आद्याक्षरांपाशी.

आमची बाजू धुतल्या तांदळासारखी आहे असंही नाही. 'चालतंय की वो' हा आमच्याकडचा जुना रोग. ओळखीच्या एका शॉपमध्ये हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल, म्हणजे आत सरकणारे दांडे, होत होते. फिटर मुरलेला. हाताला कापू नये म्हणून त्याने सगळ्या कडा छान मोडून दिल्या. पण स्पूलची तीच कड तेल अडवते आणि सोडते. ती धारदारच लागते. सगळा लॉट परत आला. ड्रॉइंगवर 'शार्प एज' लिहिलेलं होतं की. पण झाकणाचा बोल्ट जायच्या ढिल्या भोकालाही २० मायक्रॉनची टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहिलेली असते. जिथे खरंच हवं तिथलं आणि जिथे सवयीने पडलं तिथलं, अक्षर एकाच मापाचं. मग माणूस स्वतःच ठरवतो की कुठलं मनावर घ्यायचं. 'या कडेवर तेल अडतं' एवढं लिहिलं असतं तर त्याने कानस उचलली नसती.

मागणं फार नाही. पॅटर्नची ऑर्डर काढण्याआधी आखणाऱ्याने फाउंड्रीवाल्याशी अर्धा तास बोलावं, व्हिडिओ कॉलवरही चालेल. ज्या मापामागे कारण आहे तिथे ते लिहावं. आणि लाल पेन्सिलीला लेखी उत्तर यावं, 'नाही' असलं तरी. का नाही ते कळलं तर आम्हीही तिथे हात घालणार नाही.

इंजिनिअरिंगच्या मुलांच्या सहली ठिकठिकाणांहून फाउंड्र्यांना येतात. हेल्मेट घालून फोटो काढतात, तासाभरात बस निघते. त्यापेक्षा त्यांनी स्वतः आखलेला एक भाग इथे ओतावा आणि ते कास्टिंग मधोमध कापून बघावं. कुठल्याही कॉलेजची मुलं तयार असतील तर पॅटर्नचं लाकूड आणि मजुरी माझी. खंडेनवमीच्या आत ड्रॉइंग हातात आलं तर दिवाळीपूर्वी पॅटर्न देतो. फक्त ज्याने आखलंय त्याने स्वतः यावं, मेल टाकू नये.

आपला,
एक पॅटर्नमेकर
उद्यमबाग, बेळगाव