माहिती वाचणारा माणूसच काढून घेतलात: सागरी सुरक्षेच्या मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
मंत्रालय, मुंबई

विषय : सागरी माहितीच्या विश्लेषणावरील कर्मचारी बंदोबस्ताला काढून घेतल्याबाबत

स.न.वि.वि.

१ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली. ससून डॉक, भाऊचा धक्का, वर्सोवा, मढ, अर्नाळा, सगळीकडून नौका पाण्यात उतरल्या. त्याच आठवड्यात, मुंबईच्या किनाऱ्यावरची माहिती तपासणाऱ्या एका कक्षातली निम्मी माणसे गणेशोत्सवाच्या बंदोबस्ताला देण्याचा आदेश निघाला. मुदत लिहिली आहे ‘पुढील आदेशापर्यंत’. या कामावर बसवलेला माणूस तीन वर्षे हलवणार नाही, असा शब्द देण्यात आला होता. तो मोडला आहे.

बंदोबस्त लागतोच. लालबाग ते गिरगाव चौपाटी गर्दी सांभाळायला माणूस हवा, यावर वाद नाही. पण नेमकी हीच माणसे, नेमक्या याच आठवड्यांत का काढली, याचे उत्तर आम्हाला हवे आहे.

बंदीचे दोन महिने संपले की समुद्रावरचे चित्र बदललेले असते. खलाशी नवे आलेले असतात, काही तांडेल, म्हणजे नौकेचे प्रमुख, बदललेले असतात, नौका विकल्या गेलेल्या असतात, रंग नवा असतो, इंजिन नवे असते. पहिल्या चार आठवड्यांत विश्लेषक त्या हंगामाचे ‘नेहमीचे’ काय ते ठरवतो. कोणत्या धक्क्याची नौका कोणत्या पट्ट्यात जाते, किती दिवस राहते, परत कुठे लागते, मासळी कुठे उतरवते. डिझेल आणि बर्फ यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवायच्या. आठ दिवसांचे डिझेल भरले आणि बर्फ मात्र दोन दिवसांचा, तर ती नौका मासळीसाठी इतकी लांब चाललेली नाही. तिच्या नोंदीवर खूण करायची आणि परतीची वेळ पाहायची. बहुतेक वेळा उत्तर साधेच निघते, बर्फ दुसऱ्या धक्क्यावर घेतलेला असतो. पण हे ‘बहुतेक वेळा’ माहीत असलेला माणूस तिथे बसलेला लागतो. हे चार आठवडे गेले की नेहमीचे काय हेच ठरत नाही, आणि मग वेगळे काय ते वर्षभर ओळखता येत नाही.

मंत्रिमहोदय, २००५ साली सागरी सुरक्षा योजना आली, २००८ नंतर तिचा दुसरा टप्पा आला. पोलीस ठाणी उभी राहिली, वेगवान बोटी आल्या, किनाऱ्यावर रडार आणि कॅमेरे बसले. ३० ऑगस्ट २०२४ ला इथे जवळच, पालघरला, पंतप्रधानांच्या हस्ते देशभरातल्या १ लाख मासेमारी नौकांना इस्रोच्या तंत्रज्ञानाचे ट्रान्सपॉन्डर, म्हणजे नौकेची जागा कळवणारी यंत्रे, बसवण्याची योजना सुरू झाली. चांगली योजना आहे, कारण २० मीटरपेक्षा लहान मासेमारी नौकेला एआयएस हे जहाजाची ओळख सांगणारे यंत्र बंधनकारक नव्हते, आणि २००८ चे हल्लेखोर जिच्यातून आले ती ‘कुबेर’ ही मासेमारी नौकाच होती. आता हे १ लाख ठिपके वाचणार कोण? प्रत्येक नव्या यंत्रामागे ते वाचणारी माणसे किती लागतील, हा आकडा योजनेच्या कागदात आधी असायला हवा होता.

काम कसे चालते ते सांगतो, म्हणजे माणूस हलवल्याने काय मोडते ते कळेल. एआयएस म्हणजे जहाज स्वतःहून आपली ओळख, जागा, दिशा आणि वेग सांगते. मोठे जहाज चालत असताना दर २ ते १० सेकंदांनी, नांगरलेले असताना दर ३ मिनिटांनी. हे बोलणे थांबले, तर पहिला प्रश्न असा की त्याच भागातली इतर जहाजेही गप्प झाली का. झाली असतील तर दोष आपल्या ग्रहण यंत्रात. एकटेच गप्प असेल तर शेवटची जागा, दिशा आणि वेग घेऊन हिशेब मांडायचा. जहाज १२ नॉट, म्हणजे तासाला १२ सागरी मैल, वेगाने चालले होते आणि सहा तास दिसले नाही, तर ते ७२ सागरी मैल पुढे दिसायला हवे. ते २४ मैलांवरच उगवले, तर चार तासांचा हिशेब लागत नाही. इंजिन बंद पडले होते? कुणाची वाट पाहत थांबले होते? की दुसऱ्या नौकेला बाजूला घेतले होते? मग त्याच वेळी त्याच पट्ट्यात कोणती लहान नौका होती, हे धक्क्यावरच्या नोंदवहीतून काढायचे. ती नोंदवही अनेक ठिकाणी अजून हाताने लिहिली जाते, आणि एकाच नौकेचा क्रमांक तीन प्रकारे लिहिलेला सापडतो.

ओळखही तपासावी लागते. एआयएसचा नऊ आकडी क्रमांक भारतीय असेल तर ४१९ ने सुरू होतो, पाकिस्तानी असेल तर ४६३ ने. पण तो यंत्रात भरलेला असतो आणि बदलता येतो. जहाजाचा सात आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा) क्रमांक मात्र नाव आणि झेंडा बदलला तरी तोच राहतो, म्हणून पडताळणी त्याच्याशी करायची. जाळ्याच्या बोयाला लावलेले स्वस्त यंत्रसुद्धा पडद्यावर नौकेसारखेच दिसते. अनुभवी माणूस त्याचा वेग पाहतो: भरती-ओहोटीबरोबर सरकते, स्वतःच्या जोरावर नाही. नवख्याला हे कळेपर्यंत गस्तीची बोट रात्रभर फिरून येते, आणि खऱ्या ठिकाणी डिझेल नाही म्हणून थांबते.

आता सगळ्यात जास्त जळफळाट होतो ती गोष्ट. २०११ च्या जूनअखेर ओमानजवळ ‘पवित’ नावाच्या तेलवाहू जहाजावरचे खलाशी वाचवले गेले. जहाज मात्र कुणाच्या हिशेबात राहिले नाही. ३१ जुलैला ते जुहूच्या वाळूत येऊन रुतले. २०२२ च्या जूनअखेर मस्कतजवळ ‘लेडी हान’ या नौकेवरच्या लोकांची सुटका झाली. १८ ऑगस्टला ती हरिहरेश्वरला लागली आणि तिच्यात तीन एके-४७ सापडल्या. महिना तोच, सोडलेली जागा तीच, नैऋत्येचे वारे आणि प्रवाह तेच, आणि किनारा आपलाच! दोन्ही वेळा घातपाताचा हेतू नव्हता, हे आपले नशीब. पावसाळ्यात ओमानच्या बाजूला सोडून दिलेले तारू महिना-पावणेदोन महिन्यांत कोकण किनाऱ्याला लागू शकते, हे पहिल्या घटनेनंतर कुठल्या तरी टेबलावर लिहून ठेवले गेले असते, तर दुसऱ्या वेळी अकरा वर्षांनी पुन्हा सगळ्यांची धावपळ झाली नसती. जून ते सप्टेंबर सोडलेल्या जहाजांची यादी ठेवायची, वारा आणि प्रवाह घालून त्यांची जागा रोज पुढे सरकवायची. एका माणसाचे रोजचे तासभराचे काम आहे. पण तो माणूस पुढच्या जूनमध्येही त्याच खुर्चीवर असला पाहिजे.

वरून येणाऱ्या सूचनांचेही ऐका. २००८ च्या हल्ल्याआधी समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, अशा सूचना आल्या होत्या. ताज हॉटेलचे नावही आले होते. १६६ माणसे गेली. त्याआधी १९९३ मध्ये रायगडात शेखाडी आणि दिघीला शस्त्रे आणि स्फोटके उतरली आणि मुंबईत २५७ माणसे गेली. सूचना नसते असे नाही. तिची किंमत ठरवणारा नसतो. रीत साधी आहे. स्रोत किती विश्वासाचा याला ए ते एफ अशी श्रेणी, माहिती किती खात्रीची याला १ ते ६, आणि दोन्ही वेगवेगळ्या ठरवायच्या. चांगल्या स्रोताकडूनही ऐकीव माहिती येते. शिवाय मूळ स्रोत कोण याची नोंद लागतेच. एक कोळी १०९३ वर, म्हणजे सागरी पोलिसांच्या मदत क्रमांकावर, फोन करतो की अनोळखी बोट दिसली. तीच गोष्ट त्याच्या मच्छीमार सोसायटीचा सचिव तटरक्षक दलाच्या १५५४ ला सांगतो, तीच कस्टम्सच्या कानावर जाते. संध्याकाळपर्यंत टेबलावर तीन ‘इनपुट’ येतात आणि तिघांनी दुजोरा दिल्यासारखे वाटते. पाहणारे डोळे मात्र एकाच माणसाचे. याच्या उलट, खरोखर तीन वेगळ्या धक्क्यांवरून तीन माणसांनी पाहिले असेल आणि तिन्ही कागद तीन कचेऱ्यांत पडून असतील, तर कुणालाच काही कळत नाही. मग निघतो तो सरसकट इशारा: सर्व किनारी ठाण्यांनी सतर्क राहावे. कशाबद्दल, कुठे, किती दिवस? असे इशारे महिनाभर आले की ठाण्यातला शिपाई ते वाचणे सोडतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

आणि ज्या कोळ्याने फोन केला, त्याला पुढे काय झाले हे कुणी सांगत नाही. २००८ ला कुलाब्याच्या बधवार पार्कला उतरलेल्या त्या दहा हल्लेखोरांना पहिल्यांदा पाहिले ते कोळीवाड्यातल्या माणसांनीच. या किनाऱ्याचे सर्वांत चांगले डोळे तेच आहेत, आणि आपण त्यांच्याशी फक्त ओळखपत्र तपासण्यापुरते बोलतो. दोनदा फोन करून कुणी परत विचारले नाही, तर तिसऱ्यांदा तो फोन करत नाही.

या कामाला पोलीस दलात ‘साईड पोस्टिंग’ म्हणतात. इथे बसणाऱ्याला वेगळी बढती नाही, भत्ता नाही, गोपनीय अहवालात लिहायला गुन्हा उघड केल्याचा आकडा नाही. बारा बारा तास दोन पडद्यांसमोर बसून डोळे जातात, पाठ जाते, आणि कुठे माणूस कमी पडला की पहिले नाव यांचेच निघते, कारण बाहेरून पाहणाऱ्याला हे रिकामे बसलेले दिसतात. चांगला विश्लेषक तयार व्हायला दोन हंगाम तरी लागतात. तो तयार झाला की बदली. त्याच्या डोक्यातले सगळे त्याच्याबरोबर जाते, कारण ते लिहून ठेवायला ना वेळ ना जागा. बोट घेतली तर तिचे उद्घाटन होते, फोटो येतो. माणूस टिकवला तर फोटो येत नाही. आपल्या राज्यकारभाराचा हा रोग फक्त समुद्रापुरता नाही: रुग्णालयात यंत्र येते, तंत्रज्ञ नसतो, शाळेत संगणक येतो, शिक्षक नसतो. पण किनाऱ्यावर त्याची किंमत एका रात्रीत मोजावी लागते, आणि ती या शहराने दोनदा मोजली आहे.

आमचे म्हणणे एवढेच आहे. बंदोबस्ताला दिलेली माणसे याच आठवड्यात परत पाठवा आणि गर्दीसाठी दुसरी द्या. या कामासाठी वेगळा संवर्ग करा, किमान पाच वर्षांची नेमणूक लेखी द्या, तोंडी नको. धक्क्यावरच्या नोंदी एका नमुन्यात, रोज, एकाच ठिकाणी आणा. सोडलेल्या जहाजांची यादी सुरू करा. माहिती देणाऱ्या प्रत्येक मच्छीमाराला आठ दिवसांत उत्तर जाईल, असा नियम करा.

यातल्या एकाही गोष्टीला नवी बोट लागत नाही. आदेशाची प्रत याच आठवड्यात निघाली तर या हंगामाच्या पहिल्या चार आठवड्यांतले तीन अजून हाताशी आहेत.

कळावे,
सागरी माहितीच्या कामातला एक मुंबईकर