ट्रकच्या गिअरबॉक्सचे तेल बदलल्याबद्दल आई-बाबांना

अ‍ॅन आर्बर, मिशिगन
रविवार, सकाळ

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल व्हिडिओ कॉलवर छकुलीने "आजी, बाबा ट्रकच्या खाली झोपला होता आणि त्याच्या केसांना लाल तेल लागलं" असे सांगितले, तेव्हा आई, तू काही न बोलता फोन बाबांच्या हाती दिलास आणि नंतर तो परत घेतला नाहीस. तू रागावली असतीस तर मला सोपे गेले असते. तुझ्या गप्प राहण्याने मात्र रात्रभर झोप लागली नाही. फोनवर मी घाईने काहीतरी बोलून जातो आणि सांगायचे ते राहून जाते, म्हणून हे सगळे सविस्तर लिहीत आहे. ताईला सांगून मोठ्या अक्षरांत छापून घ्या. बाबांनी मोबाइलवर डोळे ताणून वाचत बसू नये.

होय, शनिवारी मी ट्रकखाली गेलो होतो. अंगणात गाडीखाली बाबांच्या हाताला दुखापत झाली त्या दुपारनंतर तू मला मारुतीच्या देवळात नेलेस आणि "गाडीखाली कधी शिरणार नाही" असे माझ्याकडून वदवून घेतलेस, त्यातला एकही शब्द मी विसरलेलो नाही. आजही बाबांच्या डाव्या हाताकडे नजर गेली की मला ती दुपार आठवते. वचन मोडले हे मी कबूल करतो. ते बेफिकिरीने मोडले नाही, तीन आठवडे विचार करून आणि एकेका धोक्याला उत्तर शोधून मोडले, एवढेच तुझ्यासमोर ठेवतो.

सर्वांत आधी तुला हवे असलेले सांगतो. मी जॅक वापरला नाही. ट्रक जॅकवर उचलला नव्हता आणि पुढेही कधी त्यासाठी उचलणार नाही. गाड्या धुण्याच्या सर्व्हिस स्टेशनमध्ये तू रॅम्प पाहिला आहेस; तसेच दोन छोटे लोखंडी रॅम्प येथे विकत मिळतात. पुढची दोन चाके त्यांवर चढवली, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला, गाडी पार्कमध्ये ठेवली आणि मग बाजूने खांदा लावून तिला जोरजोरात ढकलून पाहिले. सव्वादोन टनांहून जड गाडी आहे, ती तसूभरही हलली नाही. खालची जमीन काँक्रीटची आणि सपाट आहे. इंजिन बंद करून तीन तास झाले होते, त्यामुळे तेल फक्त कोमट होते. डोळ्यांवर गॉगल आणि हातात मोजे होते, आणि तुमची सून पूर्ण वेळ दारातच बसून होती. अंगाखाली मी जाड पुठ्ठा घेतला होता. तू दिलेली सोलापुरी चादर कपाटात घडी करून जशीच्या तशी आहे. दुपारी अंघोळ करून गरम वरण-भात आणि लिंबाचे लोणचे खाल्ले. पाठ दुखत नाही.

आता बाबांना विचारायचे असेल ते. आपल्याकडे साध्या गिअरबॉक्समध्ये नव्वद नंबरचे तेल घातले की ते दातऱ्यांना वंगण देत पडून राहते आणि वर्षानुवर्षे त्याची फारशी आठवणही होत नाही. आमच्या ट्रकसारख्या ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीत, तेलाला याहून पुष्कळ कामे करावी लागतात. क्लचचे पेडलच नसल्याने इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या तेलाने भरलेल्या भागात, तेलाच्याच जोरावर पुढे जाते. गिअर बदलताना आतल्या क्लचच्या चकत्या दाबून धरण्याचे काम तेलाचा दाब करतो. आणि निर्माण झालेली उष्णता हेच तेल रेडिएटरमधल्या कूलरपर्यंत वाहून नेते. मागे ट्रेलर जोडला की ही उष्णता फार वाढते, आणि उष्णतेनेच तेल म्हातारे होते. आपल्या मंडळाच्या गणपतीचे माखर, पाट, समया आणि दोनशे माणसांची भांडी दर भाद्रपदात याच ट्रकमागच्या ट्रेलरवरून जातात. हिवाळ्याआधी सरपणाच्या चार खेपा होतात. अशा कष्टाच्या वापरासाठी कंपनीचे पुस्तक ५०,००० मैलांना तेल आणि फिल्टर बदलायला सांगते. शेजारच्या आजोबांनी हा २००६ चा सिल्व्हराडो, म्हणजे शेव्हरले कंपनीचा पिकअप ट्रक, मला दिला तेव्हा त्यांनी जपून ठेवलेल्या पावत्यांत मागचा बदल ८१,००० मैलांचा होता, आणि आता १,३२,००० मैल झाले आहेत, म्हणजे सुमारे २,१२,००० किलोमीटर. वेळ होऊन गेली होती.

मग गॅरेजमध्ये का दिला नाही, असे आई विचारेल. मी आधी तिकडेच गेलो होतो. तेथे यंत्र लावून सगळे तेल ढकलून काढतो म्हणाले, पण गिअरबॉक्सच्या तळाचे तेलाचे चेंबर उघडणार नाही आणि फिल्टर बदलणार नाही असेही स्पष्ट सांगितले. चेंबर उघडल्याशिवाय आत काय झिजले आहे ते कळणार कसे, हा प्रश्न तुमच्या मुलाच्या मनात येणारच. दुसऱ्या ठिकाणी चेंबर उघडायला तयार होते, पण त्यांनी सांगितलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्यात तेल, फिल्टर आणि पॅकिंग घरी आले. तरी पैशासाठी मी वचन मोडले असे कृपा करून समजू नका. पैसे देणे मला जड नव्हते. ज्या गाडीत छकुली रोज मागे बसते, तिच्या पोटात काय आहे ते मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते.

जुन्या ऑटोमॅटिकचे तेल बदलले की ती बिघडते, असे येथे पुष्कळ लोक मानतात. माझे मत वेगळे आहे. ज्या गिअरबॉक्सच्या चकत्या आधीच घसरू लागल्या आहेत त्याला नवे तेल वाचवू शकत नाही, आणि लोक त्याचा दोष तेलाला देतात. आमचा ट्रक घसरत नव्हता. ट्रेलर जोडलेला असताना दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जायला थोडा वेळ लावत होता, एवढेच.

बाबा, या चेंबरला तेल सोडण्याचा नटच नाही. सोळा बोल्ट काढून ते अख्खे खाली उतरवावे लागते. येथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे गाड्यांचे पोट गंजून जाते. म्हणून आदल्या रात्रीच प्रत्येक बोल्टवर गंज सोडवणारे तेल फवारून ठेवले होते. तरीही मागच्या कोपऱ्यातला एक बोल्ट करकरला आणि माझ्या छातीत धस्स झाले, कारण केसिंग ॲल्युमिनियमचे आहे आणि बोल्ट आत तुटला असता तर काम हाताबाहेर गेले असते. त्या क्षणी तुमचा आवाज कानात आला: "जोर लावू नकोस, आधी किंचित आवळ, मग सोड." दहा नंबरचा गोटी पाना पाव आटा पुढे, पाव आटा मागे असा फिरवत राहिलो आणि पाच मिनिटांत तो सुटला. दापोडीच्या वर्कशॉपमधून तुम्ही घरी यायचात तेव्हा तुमच्या हातांना रॉकेलचा आणि साबणाचा मिळून एक वास यायचा. रविवारी स्कूटर उघडून बसलात की मी बॅटरी धरायचो, आणि तुम्ही म्हणायचात, "उजेड माझ्या तोंडावर नको, नटावर पाड." काढलेले नट-बोल्ट क्रमाने मांडायला आईने जुनी स्टीलची ताटली दिली होती, आठवते का? शनिवारी छकुलीकडे तशीच ताटली होती. ट्रकपासून सहा हात दूर, पायरीवर बसून ती प्रत्येक बोल्ट मराठीत मोजत होती, आणि बारानंतर तिला चौदा आठवले. तेरा कुठे गेला म्हणून तिने मला दोनदा विचारले.

मागच्या बाजूचे बोल्ट आधी काढून कोपरा खाली झुकवला, तेव्हा तेल धारेने बाहेर आले आणि थोडे माझ्या केसांवर उडाले. तेच छकुलीने पाहिले. हे तेल मुळातच लाल रंग घालून बनवतात, म्हणजे गळती झाली तर ते इंजिनाचे की गिअरबॉक्सचे ते लगेच ओळखू येते. रक्त नव्हते, आई. खरचटलेसुद्धा नाही.

निघालेले तेल तपकिरी झाले होते, पण जळका वास नव्हता. चेंबरच्या तळाशी एक लोहचुंबक असते. त्यावर बारीक राखाडी लेप साचला होता, काजळात तूप कालवावे तसा मऊ. बोटांत चोळून पाहिला, कण लागला नाही. पत्र्याचे तुकडे किंवा चकत्यांचे काळे कपटे निघाले असते तर मी काम तेथेच थांबवले असते. हा लेप चांगल्या झिजेचा असतो. सगळे पुसून काढले, कॉटन वेस्टने नाही, धागे न सुटणाऱ्या कापडाने. तुम्ही यावर नक्की बोट ठेवले असते. फिल्टरचे जुने रबरी सील पंपाच्या तोंडात घट्ट बसले होते. ते काढताना डिसमिसचा ओरखडा आत उठू नये म्हणून मी सर्वांत जास्त वेळ तेथेच घालवला. पॅकिंग कोरडेच बसवले आणि सोळाही बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने ११ न्यूटन-मीटरवर टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळले. हाताच्या अंदाजाने आवळले तर चेंबरची कड वाकते आणि मग जन्मभर ठिबकत राहते.

निघाले तेवढेच मोजून भरले: पाच क्वार्ट, म्हणजे पावणेपाच लिटर. या गिअरबॉक्समध्ये एकूण अकरा क्वार्टांहून थोडे जास्त तेल मावते, पण उरलेले कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहते, ते चेंबर उतरवून निघत नाही. नवे तेल डेक्सरॉन सहा या जातीचे आहे. ते २००५ मध्ये बाजारात आले आणि या ट्रकला तेच लागते. बाबा, तुम्हाला आवडेल म्हणून सांगतो: एके काळी ऑटोमॅटिकच्या या तेलात देवमाशाच्या तेलाचा अंश घालत असत, आणि १९७० च्या दशकात अमेरिकेने ते बंद केल्यावर रसायनतज्ज्ञांना त्याला पर्याय शोधावा लागला.

रॅम्पवरून उतरवून, ब्रेकवर पाय ठेवून सगळे गिअर एकेकदा टाकून पाहिले, पंधरा मैल फिरवून आणले आणि सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, तेल गरम असताना तेलाची पातळी दाखवणारी पट्टी तपासली. थोडे कमी भरले म्हणून लांब नरसाळ्याने अगदी कपाने घातले, कारण जास्त झाले तर तेलाला फेस येतो. नंतरच्या अनेक गाड्यांना ही पट्टीच ठेवलेली नाही. हा जुना ट्रक न विकण्याच्या माझ्या निर्णयामागे तेही एक कारण आहे. बदल फार मोठा जाणवला असे म्हणणार नाही, पण दुसऱ्यातून तिसरा गिअर आता लवकर पडतो. आज सकाळी खाली नवा पुठ्ठा ठेवून पाहिला. एकही थेंब नाही. जुने तेल बाटल्यांत भरून सुट्या भागांच्या दुकानात दिले, ते येथे फुकट घेतात.

आता माझेही थोडे ऐका. बाबा, तुम्ही या दिवाळीआधी स्कूटरचे तेल स्वतः बदलणार आहात असे ताई म्हणाली. कृपा करून बदलू नका. तुमच्या हातातले कौशल्य कमी झाले असे मी म्हणत नाही, ते माझ्यात आले ते तुमच्याकडूनच. पण खाली वाकून उठताना तुम्हाला चक्कर येते आणि रक्तदाबाची गोळी तुम्ही सकाळी आठऐवजी अकराला घेता, हे मला माहीत आहे. कोपऱ्यावरच्या मुलाला घरी बोलवा, खुर्ची टाकून बसा आणि त्याला सांगा. स्कूटर मुख्य स्टँडवर तुम्ही चढवायची नाही. जिन्याखालचे तेलाचे जुने डबे याच आठवड्यात काढून टाका. आई, तू त्यांना आठवण कर, पण मी रागावून लिहिले आहे असे सांगू नकोस. आणि तुझी साखरेची तपासणी झाली की आकडा मला स्वतः सांग, ताईकडून नको.

एक गोष्ट लपवणार नाही. आत उरलेल्या जुन्या तेलासाठी ऑक्टोबरमध्ये, गारठा पडण्याआधी, मी हेच काम पुन्हा एकदा करणार आहे. असेच रॅम्पवर, असेच ठोकळे लावून. दुसऱ्या शनिवारी सकाळी दहाला सुरुवात करीन. तुमच्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात झालेले असतील. बाबा, फोन पूर्ण चार्ज करून ठेवा, छकुली आमचा फोन पायरीवर उभा करील आणि तुम्हाला सगळे बोल्ट दिसतील. आई, तुला पाहवणार नसेल तर तू आत देवापाशी बस. मी हात धुऊन आलो की फोन मात्र तू घे.

तुमचा
धाकटा