स्वातंत्र्य सापेक्ष, पण सगळेच नव्हे

महोदय,

‘स्वातंत्र्य सापेक्षच असते’ असे म्हटले की वाद मिटला, असे बऱ्याच जणांना वाटते. ते बरेचसे खरेही आहे. एखाद्या कार्यालयात जायला कोणालाच मज्जाव नसतो. पण दाराशी पाच पायऱ्या असतील आणि रॅम्प नसेल, तर व्हीलचेअरवरचा माणूस खालीच थांबतो. त्याला कोणी अडवलेले नसते. तरी ‘जा की, तू मोकळा आहेस’ असे त्याला सांगणे ही निव्वळ थट्टा झाली. ज्याच्या खिशात पैसे, पायात बळ आणि मागे ओळखी, त्याच्या वाट्याला तेच स्वातंत्र्य जास्त येते.

मात्र एवढ्यावर थांबून चालत नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९६६ मध्ये स्वीकारलेल्या नागरी व राजकीय हक्कांच्या कराराने आणीबाणीत सरकारांना अनेक हक्क तात्पुरते आवरते घेण्याची मुभा दिली आहे. सभा, संचार, अभिव्यक्ती यांना कात्री लागू शकते. पण छळापासून व गुलामीपासून संरक्षण आणि विचारस्वातंत्र्य यांना त्यातही हात लावता येत नाही. प्रत्यक्षात हे पाळले जाते का, हा प्रश्न वेगळा (आणि त्याचे उत्तर फारसे सुखद नाही). तरी रेषा आखलेली आहे.

म्हणून ‘सगळे सापेक्षच’ हे वाक्य कोण उच्चारतो, ते मी आधी पाहतो. बहुतेक वेळा ते बंधन घालणाऱ्याच्या तोंडी असते. वेठबिगारीत अडकलेल्या माणसासमोर त्याने ते एकदा म्हणून दाखवावे.

– एक वाचक