थरथर चाकांची की शाफ्टची?

मा. संपादक,

जुनी अँबॅसिडर ६०-७० च्या वेगाला थरथरली की आधी चाकांचं बॅलन्सिंग होतं. स्टिअरिंग हलत असेल तर ठीक. पण सीट आणि पायाखालचा पत्रा थरथरत असेल तर संशय प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे फिरती ताकद नेणारा लांब दांडा) घ्यावा. मोकळ्या रस्त्यावर त्याच वेगात गाडी न्यूट्रल करावी, इंजिन मात्र चालू ठेवावं. थरथर राहिली तर इंजिन निर्दोष. मग गाडी उभी करून, चाकांना दगड लावून शाफ्ट हाताने पिळावा. शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस असतो; त्याच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली, तर आतलं निडल बेअरिंग (सुईसारख्या बारीक रोलरांचं) कोरडं पडलंय. शाफ्ट उतरवण्यापूर्वी जोडांवर रंगाने खूण करावी (खडू ग्रीसमध्ये पुसला जातो). शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत बसले नाहीत तर नवा क्रॉस घालूनही थरथर जात नाही, आणि घाईत हेच सर्रास घडतं.

– एक वाचक, पुणे