घड्याळ राहू दे, शतपावली घाल

सांगली,
11 जानेवारी

प्रिय सुध्या,

तुझ्या रिपोर्टचा फोटो मिळाला. फोनवरच बोललो असतो, पण मी मुद्द्यावर आलो की तुझं "बरं बरं, गाडी आली" सुरू होतं. म्हणून पत्र. वहिनींसमोर मोठ्यानं वाच, म्हणजे मधलं काही गाळता येणार नाही.

तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए1सी चाचणीचा आकडा, 6.1. अरे, 5.7 ते 6.4 हा काठावरचा पट्टा, 6.5 पासून पुढे मधुमेह धरतात. डॉक्टरांनी गोळी न देता तीन महिन्यांनी परत बोलावलंय ते उगाच नाही. आणि एकटा पडलास असंही समजू नकोस. 2023 साली आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशभरातल्या पाहणीचे आकडे आले होते. 10 कोटींवर मधुमेही आणि तुझ्यासारखे काठावर बसलेले साडेतेरा कोटींच्या घरात.

आता तू काय केलंस बघ. जिमची वर्षाची फी, पावलं मोजणारं घड्याळ आणि कसलीशी हिरवी पावडर. डोंबिवलीहून सकाळची लोकल धरणारा माणूस पहाटे पाचला जिममध्ये किती दिवस जाणार? जाशील तर आनंदच आहे. पण त्या दहा हजार पावलांचा धसका काढून टाक. तो आकडा कुठल्या डॉक्टरानं काढलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच तो होता. तिथून तो जगभर फिरला. त्याहून कमी पावलांतही फायदा होतो.

माझं एकच म्हणणं आहे. तुझी सगळी गडबड रात्री आठ ते अकरात आहे, तेवढी नीट कर. घरी आलास की आधी फरसाणाचा डबा, मग बातम्या, मग दहा वाजता पोटभर जेवण आणि थेट आडवा. त्यापेक्षा हातपाय धुतलेस की सरळ पानावर बस. भूक लागलेलीच असते, ती फरसाणावर कशाला घालवतोस? आणि जेवलास की वहिनींना घेऊन सोसायटीच्या आवारात शतपावली घाल. शंभर पावलांवर थांबू नकोस, पंधरा मिनिटं चाल, गप्पा मारत मारत. जेवणानंतर तास-दीड तासात रक्तातली साखर चढते आणि नेमकी त्याच वेळी तू सोफ्यावर असतोस. चालायला लागलं की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू ती साखर ओढून घेतात, इन्शुलिनची फारशी वाट बघत नाहीत. म्हणून हे पंधरा मिनिटांचं चालणं जेवणाला लागूनच हवं. आपली आजी हे रोज करायला लावायची, तेव्हा आपण कंटाळायचो.

पानाचं सांगतो. तुमच्याकडे अजून डावी-उजवी बाजू बघून वाढतात ना? मग डावीकडची कोशिंबीर दुप्पट कर आणि तिच्यापासूनच सुरुवात कर. मग उसळ, भाजी. भाकरी-पोळी त्यानंतर, आणि भात अगदी शेवटी, तोही थोडा. तेच अन्न या क्रमानं खाल्लं तर साखर कमी उसळते, हे तपासून पाहिलेलं आहे. पण त्याच डाव्या बाजूला लोणचं आणि पापडही असतो, त्यांना आवर घाल. तुझं बीपीही वरच्या बाजूला आहे. दिवसभराचं मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात आमटीतलं, चटणीतलं, वडापावातलं सगळं आलं. वरून मीठ घ्यायची तुझी खोड मला कॉलेजच्या मेसपासून माहीत आहे.

चहाचा हिशेब मात्र तूच कर. ऑफिसात चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमचा चार ग्रॅमचा धरला तरी बत्तीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. तुझी मर्यादा बिस्किटाआधीच ओलांडून झाली! चहा सोड म्हणत नाही, तू सोडणारही नाहीस. आधी एक चमचा कर, महिनाभरानं अर्धा. जीभ सरावते.

झोपेचं जास्त लांबवत नाही. सात तास हवेत. झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक खवळते आणि हात गोडाकडे वळतो. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लाव.

आणि हो, परवा भोगी. वहिनींना सांग, भाजी दणकून करा. गाजर, वांगी, पावटा, ओला हरभरा, वर तिळाचं कूट आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. मी इतका वेळ जे सांगतोय ते सगळं त्या एका पानात आहे. तिळगूळ एखादी वडी घे, डबा जवळ घेऊन बसू नकोस. ती हिरवी पावडर कुणाला तरी देऊन टाक, किंवा निदान तुझ्या डॉक्टरांना दाखव.

एप्रिलमध्ये परत तपासशील तेव्हा या चाचणीला उपाशीपोटी जावं लागत नाही. तेव्हा "सकाळी वेळ नाही" ही सबब चालायची नाही, दुपारी ऑफिसजवळच्या लॅबमध्ये रक्त देऊन ये. सोबत आणखी तपासण्या असतील तर मात्र लॅबवाल्याला विचारून घे. आकडा कळव, कसाही आला तरी.

वहिनींना नमस्कार, चिन्मयीला आशीर्वाद.

तुझा,
अव्या